झोपेतला मार



मागच्या पावसाळ्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा करायचं काम चाललं होतं. एका ताईने पासबुक पुढे केलं, पदर सरकला आणि दंडावरची काळीनिळी खूण सगळ्यांना दिसली. बैठक एकदम गप्प. अशी खूण आपल्याला नवी नसते, आणि तिचा अर्थ आपण विचारायच्या आधीच लावून टाकतो. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "मारतात का गं?" ताई म्हणाली, "मारतात. पण झोपेत." कोणीतरी हसलं. ताई हसली नाही.

तिचे यजमान साठी ओलांडलेले. चार वर्षांपासून उजवा हात थरथरतो, पावलं आखूड पडतात, चेहऱ्यावर हसू-राग काही उमटत नाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितलेला आहे, गोळ्या चालू आहेत. दिवसभर माणूस गरीब गाय. आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागतं. आणि हाच माणूस पहाटेच्या सुमाराला एकदम "हाड्! हाड्!" करून ओरडतो, लाथा झाडतो, दोन्ही हात फिरवतो. जागं केलं की सांगतो, मक्यात डुकरं शिरली होती, हाकलत होतो. मार मात्र बसायचा शेजारी झोपलेल्या बायकोला.

घरच्यांनी ठरवलं, हे बाहेरचं आहे. गटातून काढलेलं पाच हजारांचं अंतर्गत कर्ज, रजिस्टरवर ज्याच्यापुढे "घरखर्च" लिहिलं होतं, ते देवऋषीकडे गेलं. उतारा झाला, कोंबडं झालं, दोन अमावास्या झाल्या. डुकरं काही गेली नाहीत.

ताईने तिची गोष्ट छापायला परवानगी दिली आहे, नाव छापू नका म्हणाली. गोष्ट छापायची ती एवढ्यासाठी की कंपवात असलेल्या घरांत हे पुष्कळ ठिकाणी घडतं, पण ते कंपवाताशी जोडलेलं आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. डॉक्टर हाताचं विचारतात, आपण हाताचं सांगतो, आणि रात्रीचं घरातच राहतं.

स्वप्नात हातपाय हलतात कसे?

आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. आधी डुलकी, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, असे फेरे चालतात. एक फेरा साधारण दीड तासाचा. स्वप्नांची झोप रात्रीच्या पहिल्या भागात थोडी आणि पहाटेकडे जास्त. म्हणूनच ताईच्या घरातली डुकरं पहाटे यायची.

या स्वप्नांच्या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच कामात असतो. आपण पळतो, भांडतो, विहिरीत पडतो, मेलेल्या माणसांशी बोलतो. तरी अंग अंथरुणावर निपचित पडलेलं असतं. कारण मेंदूच्या खालच्या बाजूला, मानेकडे जो देठासारखा भाग असतो, तिथून त्या वेळेपुरतं स्नायूंना "थांबा" असं सांगितलं जातं. श्वास चालू राहतो, डोळे पापण्यांआड फिरत राहतात, बाकी हातपाय सैल. ट्रॅक्टरचं इंजिन चालू आहे पण क्लच दाबून धरलाय, असं समजा. इंजिन कितीही घुरघुरलं तरी चाक फिरत नाही. कंपवातात मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरत जातात आणि त्यात हा क्लच सांभाळणारा भागही सापडतो. मग क्लच नीट दबत नाही आणि ट्रॅक्टर झटके देत पुढे उडी मारतो. स्वप्नात उगारलेला हात खरोखर उगारला जातो.

ही स्वप्नं बहुतेक वेळा मारामारीची, पाठलागाची, कोणीतरी अंगावर आल्याची असतात. माणूस स्वप्नात बहुधा स्वतःला नाहीतर घरच्यांना वाचवत असतो. एका बाजूला बायकोला चोरापासून वाचवतोय आणि दुसऱ्या बाजूला तिलाच गुद्दे घालतोय, असं घडतं. दिवसा तो माणूस रागीट असेलच असं अजिबात नाही.

घरच्यांना सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकते ती ताकद. दिवसा ज्याला सदऱ्याचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात, तो रात्री एका हिसक्यात उठून बसतो. ज्याचा आवाज घशाबाहेर येत नाही, तो गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो. मग एक तर "अंगात आलं" असं वाटतं, नाहीतर "दिवसभर सोंग करतो" असं. दोन्ही खोटं. कंपवाताच्या रुग्णांचं रात्रीचं चित्रीकरण करून डॉक्टरांनी पाहिलं आहे. स्वप्नातल्या हालचाली दिवसापेक्षा खरोखरच जोरदार आणि चपळ असतात, बोलणंही मोठं होतं. स्वप्नात मेंदू हालचालीसाठी नेहमीची बिघडलेली वाट सोडून दुसरी वाट धरत असावा, असं जाणकार मानतात. म्हणजे भूतही नाही आणि सोंगही नाही.

हा काही आजकालचा नवा आजारही नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली कंपवातावर जी पुस्तिका लिहिली (त्यांच्याच नावावरून याला पार्किन्सन म्हणतात), तिच्यातही रुग्णांची झोप बिघडते हे नोंदवलेलं आहे. स्वप्नात हातपाय मारण्याला वेगळा आजार म्हणून ओळख मिळाली ती मात्र १९८६ साली. अमेरिकेत मिनियापोलिस इथल्या डॉ. कार्लोस शेन्क आणि डॉ. मार्क महोवाल्ड यांनी अशा रुग्णांना रात्रभर तपासून तो दाखवून दिला. पुढे त्यांनी पन्नाशीच्या वरच्या, फक्त हाच त्रास असलेल्या पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्या २६ जणांची माहिती शेवटपर्यंत मिळाली, त्यांपैकी २१ जणांना पुढे कंपवात किंवा त्याच्याच भावकीतला, स्मरणशक्ती जाण्याचा आजार झाला.

हे वाचून घाबरू नका. ती मोठ्या रुग्णालयात पोचलेली मोजकी माणसं होती. झोपेत बडबडणारा किंवा एखाद्या रात्री लाथ मारणारा प्रत्येकजण कंपवाताच्या वाटेवर नसतो. जोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचंही असंच दिसतं. उदासीपणावरच्या काही गोळ्यांनीही स्वप्नात हातपाय हलायला लागतात. पण पन्नाशीनंतर हे नव्याने सुरू झालं आणि वारंवार व्हायला लागलं, तर डॉक्टरांना सांगायचं. ताईला नंतर आठवून आठवून कळलं, यजमानांच्या लाथा हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू होत्या. तेव्हा सगळे हसण्यावारी न्यायचे.

आणि बायकांना हे होत नाही असंही नाही. बाईचे हातपाय कमी जोरात चालतात, तिच्या हातून कोणाला लागत नाही, म्हणून ते डॉक्टरांपर्यंत जात नाही. शिवाय बाई नीट झोपली का, हे आपल्याकडे विचारतं कोण?

आज रात्रीच करायची कामं

डॉक्टरकडे जायला आठ दिवस लागतील, पण जागा आजच बदलता येते. इथे आपल्या घरांचा एक फायदा आहे. आपण जमिनीवर अंथरूण घालतो, आणि अशा माणसाला जमिनीइतकी सुरक्षित जागा नाही. पलंगावर झोपायची सवय असेल तर पलंग भिंतीला लावा आणि उघड्या बाजूला खाली जाड गादी किंवा दोन गोधड्या पसरा. कंपवातामुळे जमिनीवरून उठताच येत नसेल तर बुटकी खाट बरी.

मग अंथरुणाच्या आजूबाजूला हात फिरेल तेवढ्या टापूत काय काय आहे ते बघा. आपल्याकडे उशाशी काठी, बॅटरी ठेवतात, कोनाड्यात विळा-कोयता असतो, कोपऱ्यात लोखंडी ट्रंक, तांब्या, डास घालवायची पेटती कॉइल. हे सगळं दुसरीकडे न्या. कॉइल आणि चिमणी तर आधी. ट्रंक हलत नसेल तर तिच्या कोपऱ्यांना जुनी गोधडी गुंडाळून बांधा. भिंतीच्या बाजूला उशा लावा. रात्री बारीक दिवा चालू राहू द्या.

नातवंडाला आजोबांच्या कुशीत झोपवू नका. हे सांगताना वाईट वाटतं, पण लहान लेकराला लागलेला एक फटका पुरतो. दिवसा मांडीवर हवं तेवढं बसू दे.

उन्हाळ्यात धाब्यावर, गच्चीवर झोपणं बंद. शेतात राखणीला एकटं झोपणं बंद, आणि विहीर जवळ असेल तर कायमचं बंद. रात्री बांधून ठेवणं, बाहेरून कडी लावणं हे उपाय कोणी सुचवले तर ऐकू नका. बांधलेला माणूस स्वप्नात जास्तच झुंजतो आणि हात मोडून घेतो.

चालू झटक्यात हात धरायला जाऊ नका. तुमचा हात त्याला स्वप्नातल्या चोराचाच वाटतो. दोन हात लांब राहून नावाने किंवा रोजच्या हाकेने हळू आवाजात बोलवा, दिवा लावा. बहुतेक जण लवकर शुद्धीवर येतात आणि स्वप्न सांगतातही. सकाळी "काल तुम्ही मला मारलंत" असं सगळ्यांपुढे ऐकवू नका. त्याला खरंच ठाऊक नसतं, आणि कळल्यावर तो माणूस झोपायलाच घाबरतो.

आता बायकोने कुठे झोपायचं? वेगळं. त्याच खोलीत, पण हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, नाहीतर मध्ये जाड उशांची रांग लावून. वेगळं अंथरूण घातलं म्हणजे संसारात बिनसलं असं बोलणारे असतातच. ताईच्या सासूबाईही म्हणाल्या. बोलू द्या. दंड तुमचा आहे.

डॉक्टरांना काय सांगायचं

मोबाईलवर घेतलेला एका मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो. तो फक्त डॉक्टरांसाठी, गावच्या ग्रुपवर टाकायला नाही. सोबत वहीत लिहून न्या: कधीपासून होतं, आठवड्यात किती रात्री, किती वाजता, डोळे मिटलेले असतात का, जाग आल्यावर स्वप्न सांगतात का, घोरतात का, कोणाला लागलं का, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी. अंग ताठ होऊन एकसारखे झटके बसणं, तोंडाला फेस, जीभ चावणं, हे वेगळं. ती फिट असू शकते, तिथे थांबायचं नाही.

आधी आशाताईशी बोला, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयात किंवा मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे, म्हणजे न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी मिळेल. सरकारच्या ई-संजीवनीवरून घरी किंवा आरोग्य केंद्रात बसून डॉक्टरांशी बोलता येतं, तेही विचारून बघा. पक्क्या निदानासाठी एक रात्र रुग्णालयात झोपवून तपासणी करतात, पण कंपवात आधीच माहीत असेल आणि सांगितलेली हकिगत स्पष्ट असेल तर कित्येकदा तिच्याशिवायही उपचार सुरू होतात.

औषधं आहेत. मेलाटोनिन नावाची गोळी झोपण्याआधी देतात. क्लोनाझेपाम अगदी थोड्या प्रमाणात देतात, पण तिने म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, रात्री उठताना तोल जातो, आणि झोपेत श्वास अडकत असेल तर धोका वाढतो. म्हणून मेडिकलवाल्याकडून "झोपेची एखादी गोळी द्या" असं मागून आणू नका. कोणाच्या तरी घरची उरलेली तर मुळीच नको. या औषधांनी मूळ आजार जात नाही, रात्री शांत होतात. तेवढंही पुष्कळ असतं.

कंपवाताची लेवोडोपाची गोळी मनाने बंद करू नका. "गोळ्यांनीच स्वप्नं पडतात" असं वाटून काही जण एकदम थांबवतात. मग अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप येतो, जिवावर बेततं. वेळ किंवा प्रमाण बदलायचं ते डॉक्टरांनी. कंपवातासाठी खाजकुइलीच्या बियांची पूड घेतात हे तुम्ही ऐकलं असेल. त्या बियांत लेवोडोपा असतोच, म्हणून गोळीच्या जोडीला पूड चालू केली तर मात्रा जास्त होते. घेत असाल तर लपवू नका, सांगा. उलटी थांबवणारी आणि रुग्णाला शांत करणारी काही इंजेक्शनं-गोळ्या कंपवात वाढवतात, तेव्हा कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य "यांना कंपवात आहे" हेच असू द्या. दारू सुटली तर रात्रीही सुधारतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडू नये, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

झोप इतर कारणांनीही मोडते

कूस बदलता येत नाही, हे कंपवाताचं मोठं दुखणं आहे. माणूस एका कुशीवर पडून राहतो, हाका मारत राहतो. जाड गोधडी अंगावर असली की अजूनच अडकतो. पांघरूण हलकं द्या. कमरेखाली जुन्या गुळगुळीत साडीचा पट्टा अंथरला तर कूस वळायला सोपं जातं. अंग पहाटे फारच आखडत असेल तर रात्रीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

लघवीला तीन-चारदा उठावं लागतं. पाणी दिवसा पुरेसं द्या, संध्याकाळनंतर कमी करा, अंथरुणाजवळ भांडं ठेवा. अंगणातल्या संडासापर्यंत अंधारात एकट्याने जाऊ देऊ नका. उठताना आधी दोन मिनिटं बसवा, कारण या आजारात उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम खाली येऊन चक्कर येते. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ नये, सकाळचं ऊन अंगावर घ्यावं, चारनंतर चहा नको. चहाचं मी सांगते खरी, पण आमच्याच घरी ते कोणी ऐकत नाही.

आणखी एक प्रकार ओळखता यायला हवा. डोळे उघडे, माणूस जागा, आणि "कोपऱ्यात मुलं बसलीत", "भिंतीवर किडे आहेत" असं म्हणतो. हे स्वप्न नव्हे, भास आहे. तो आजारानेही होतो आणि औषधांनीही. वाद घालू नका, दिवा लावा, आणि डॉक्टरांना पुढच्या तारखेपर्यंत न थांबता कळवा.

देवऋषीच्या बाबतीत सरळ बोलते. देवाला नमस्कार करायला, अंगारा लावायला कोणी अडवत नाही. पण भूत काढायच्या नावाखाली माणसाला मारणं, साखळीने बांधणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि गटाचा पैसा कुठे जातो, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ताईच्या त्या कर्जाचे हप्ते ती अजून फेडते आहे. तेवढ्या पैशात शहरातल्या डॉक्टरांची फी, गाडीभाडं आणि एक गादी, एवढं झालं असतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सनचं नाव आहे, प्रमाणपत्र निघू शकतं, हेही तिला फार उशिरा कळलं.

आता एक गोष्ट ठासून सांगायची आहे. हा लेख कोणाची मारहाण झाकायला वापरला जाऊ नये. झोपेतला मार डोळे मिटून असतो, पहाटेकडे असतो, तो भिंतीलाही लागतो आणि खाटेलाही, आणि जाग आली की थांबतो. जागेपणी, दारू पिऊन, पैशावरून, दार लावून होते ती मारहाण आहे. "त्यांना आजार आहे" म्हणून ती सोसायची नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तातडीला ११२. गटात एखादीच्या अंगावर खूण दिसली तर हसू नका आणि मनाने अर्थही लावू नका. बाजूला घेऊन विचारा, दोन्ही शक्यता मनात ठेवून विचारा.

सांभाळणाऱ्या बाईची झोप हाही आजाराचाच भाग आहे. ती महिनोन्‌महिने अर्धी जागी असते, सकाळी पुन्हा चूल, पुन्हा शेत. तिच्या चिडचिडीला मग सगळे तिचा स्वभाव म्हणतात. मुलगा असेल, दीर असेल, त्याने आठवड्यातल्या दोन रात्री त्या खोलीत काढाव्यात. दुपारी तासभर कोणी तिच्या घरी जाऊन बसलं तर ती शेजारच्या घरात झोपू शकते. आमच्या त्या गटाने हे पाळीने केलं, बैठकीच्या वहीत दिवस लावून. मन फारच थकलं, जगणं नको वाटायला लागलं, तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फुकट आणि मराठीत बोलता येतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाने रुग्ण आणि घरच्यांनीच चालवलेला गट आहे. आपल्या बचत गटासारखंच, फक्त तिथे पैशाऐवजी अनुभव जमा होतात.

ताईच्या घरी आता यजमान भिंतीकडेला जमिनीवर जाड गादीवर झोपतात. ती दाराजवळ. ट्रंक पडवीत गेली, कोयता गोठ्यात. रात्रीची एक गोळी सुरू झाल्यापासून आठवड्यात एखादी रात्रच जाते. परवाच्या बैठकीत तिने सांगितलं, डुकरं अजून येतात मधूनच. मग ती अंथरुणातूनच म्हणते, "अहो, गेली डुकरं. मी हाकलली. झोपा आता." आणि ते झोपतात.